शेवटचा शब्द मुलांचा

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात शनिवारी सकाळी बालविभागाचा तास भरतो. दारातून डोकावणाऱ्याला एक सतरंजी दिसते, तीन ते सहा वर्षांची पंधरा-वीस मुलं दिसतात, टाळ्या, हसू आणि थोडा दंगा ऐकू येतो. पाऊण तासाने न्यायला आलेली आई विचारते, ‘आज काय शिकवलं?’ आणि मूल चपला शोधत उत्तर देतं, ‘काही नाही, खेळलो.’ आईचा चेहरा किंचित उतरतो. खरं तर तास घेणाऱ्या ताईंना याहून मोठी दाद मिळणं कठीण. त्या पाऊण तासात मुलांनी मराठीची ध्वनिव्यवस्था चाचपलेली असते, छापील पानाचे रीतिरिवाज ओळखलेले असतात, वाक्याला वाक्य जोडलेलं असतं आणि एक पुस्तक स्वतःच्या नावावर घरी नेलेलं असतं. या तासाची रचना एखाद्या बांधीव बंदिशीसारखी आहे, आणि तिचं सौंदर्य एका गोष्टीत आहे: प्रत्येक खेळात ताई एक जागा रिकामी ठेवतात आणि ती भरायचं काम मुलांवर सोपवतात. ती जागा कुठे ठेवायची, केवढी ठेवायची आणि किती वेळ थांबायचं, ही त्यांची कारागिरी. ती सावकाश पाहण्यासारखी आहे.

सुरुवात मांडणीपासून करू. बालविभागातली पुस्तकं कपाटात उभी खोचलेली नाहीत. बुटक्या मांडणीवर मुखपृष्ठ समोर करून ठेवलेली आहेत. ज्याला अजून अक्षर येत नाही त्याला पुस्तकाच्या कण्यावरून काय कळणार? त्याची ओळख चित्राशी. ताई खुर्चीवर बसत नाहीत, पाटावर बसतात, म्हणजे पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. खिडकी मुलांच्या पाठीशी ठेवलेली, त्यामुळे उजेड पानावर पडतो आणि कुणाचे डोळे दिपत नाहीत. पुस्तक त्या छातीसमोर धरत नाहीत. खांद्याच्या बाजूला धरतात आणि पान उलटणारा हात खालच्या कोपऱ्यातून आणतात, म्हणजे चित्र क्षणभरही झाकलं जात नाही. शिवाय त्यांचा चेहरा मोकळा राहतो आणि वाघ आला की भुवया कशा वर जातात तेही मुलांना वाचता येतं. एवढा विचार केवळ बसण्यात आणि धरण्यात!

दाराशी एक दोरी बांधलेली आहे आणि खाली टोपलीत नावांच्या पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीवर ठळक अक्षरांत मुलाचं नाव आणि शेजारी एक खूण: छत्री, मासा, पतंग. मुलाने आपली पट्टी शोधायची आणि चिमट्याने दोरीला लावायची, झाली हजेरी. पहिले काही आठवडे मूल मासा शोधतं. मग कधीतरी ताई खुणेचा भाग मागे दुमडून ठेवतात. मूल क्षणभर घुटमळतं आणि नावाची पट्टी उचलतं. आयुष्यात वाचलेला पहिला शब्द स्वतःचं नाव असावं आणि तो वाचल्याबद्दल कुणी टाळ्याही वाजवू नयेत, कारण ती नुसती हजेरी होती! आधार काढून घेण्याची इतकी हळुवार रीत क्वचित पाहायला मिळते.

मग बडबडगीत. त्या दिवशीचं गाणं ताईंनी स्वतःच रचलेलं होतं: ‘मनीच्या अंगणात पडला पाऊस, मनी म्हणाली, बाहेर नको जाऊस.’ दोनदा सगळ्यांनी मिळून म्हटलं. तिसऱ्यांदा ‘बाहेर नको’पाशी ताई थांबल्या. आवाज थांबला, पण हाताचा ठेका चालू राहिला. त्या ठेक्यामुळेच मुलांना कळतं की शब्द यायचा आहे आणि अमुक क्षणी यायचा आहे. सगळी मुलं समेवर आल्यासारखी ‘जाऊस!’ म्हणून ओरडली. चौथ्यांदा ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, ‘बाहेर नको फिरू.’ एकच कल्लोळ उठला. ‘नाही, नाही! जाऊस!’ इथे नीट कान द्यावा. ‘फिरू’ हा शब्द अर्थाने काही चुकीचा नाही. मनीने बाहेर फिरू नये हेच तर सांगायचं आहे. चुकलाय तो फक्त नाद. म्हणजे ज्यांचा निषेध इतका जोरदार होता ती मुलं अर्थापासून नाद वेगळा काढून ऐकत होती. अभ्यासक याला ध्वनिजाणीव म्हणतात आणि वाचनाच्या पायाभरणीत तिला मोठं स्थान देतात. ताईंनी ती एका मुद्दाम केलेल्या चुकीतून जागी केली आणि दुरुस्तीचा मान मुलांना दिला.

पुढचा खेळ टाळ्यांचा. ताई शब्द उच्चारतात, मुलं ठोक्यांत तोडतात. ‘घर’ला एक टाळी. ‘आई’ला दोन. ‘कमळ’ला दोन: क-मळ. ‘भोपळा’लाही दोनच: भोप-ळा. ‘म्हातारी’ला तीन. अक्षरं मोजायची सवय लागलेला मोठा माणूस इथे अडखळतो, कारण कागदावर ‘कमळ’ आणि ‘भोपळा’ या दोन्हींत तीन अक्षरं आहेत. मराठी बोलताना ‘कमळ’मधला शेवटचा आणि ‘भोपळा’तला मधला ‘अ’ गळतो आणि लिपीत तो दिसतच राहतो. ताईंना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून टाळ्यांच्या खेळात त्या एकही अक्षर दाखवत नाहीत. हा खेळ निव्वळ कानाचा. अक्षरांचा खेळ नंतर, वेगळ्या वेळी, वेगळ्या साहित्यासह. कान आणि डोळा यांची गाठ घालून देण्याआधी दोघांनाही स्वतंत्रपणे तयार होऊ द्यायचं, हा संयम ज्याच्याकडे आहे त्याला आपल्या भाषेची नाडी सापडली आहे.

मग पिशवी येते. जुन्या साडीची, नाडीची. आत हात घालून वस्तू चाचपायची, नाव ओळखायचं आणि बाहेर काढायची. त्या दिवशी निघालेल्या वस्तू अशा: मका, माळ, मिरची, मुळा, मेणबत्ती, मोजा. एका मुलीने मिरचीचं देठ चाचपून आधी ‘भेंडी’ म्हटलं, वास घेतला आणि मग हसून नाव बदललं. सगळ्या वस्तू मांडून झाल्यावर ताईंनी विचारलं, ‘यांच्या नावांत सारखं काय?’ या यादीतली निवड रसिकाने निरखावी. कुणीही ‘म’च्या वस्तू जमवताना मका, मगर, मडकं अशी सरळ वाट धरली असती. इथे प्रत्येक नावात ‘म’ला नवा स्वर लागला आहे: म, मा, मि, मु, मे, मो. स्वर बदलत राहतो आणि त्याखाली ओठ मिटून निघणारा तो एक आवाज टिकून राहतो. बाराखडी कागदावर यायला अजून बराच अवकाश आहे, पण ती कानात आत्ताच रुजली, तीही भाजीच्या वासासकट.

आता पुस्तक, ‘म्हातारी आणि भोपळा’. ताईंनी ते उचललं आणि उलटं धरलं. भोपळ्याचं देठ खाली, म्हातारीचे पाय आभाळात. मुलं खिदळली. ‘ताई, उलटं!’ एक मुलगा उठला आणि त्याने स्वतः ते सुलट केलं. या गमतीमागे एक परंपरा उभी आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी लहान मुलांची छापील मजकुराविषयीची समज जोखण्यासाठी खास पुस्तिका तयार केल्या. पहिली ‘सँड’ १९७२ मध्ये आली. तिच्यातली काही चित्रं आणि काही ओळी मुद्दामच उलट्या छापल्या आहेत. मुलाच्या ते लक्षात येतं का, हे पाहण्यासाठी. पुस्तकाला वर-खाली असतं, ते एका बाजूने उघडतं, मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, ओळ संपली की खाली उतरून पुन्हा डावीकडे यायचं, आणि सांगितली जाते ती गोष्ट चित्रांइतकीच त्या काळ्या खुणांत असते: मोठ्यांना जन्मजात वाटणाऱ्या या गोष्टी प्रत्येक मुलाला नव्याने शोधाव्या लागतात. क्ले यांनी त्या तपासल्या. ताईंनी त्यांचा खेळ केला आणि पुस्तक सुलट करण्याचा अधिकार एका चार वर्षांच्या हातांना दिला.

मुखपृष्ठावरचं नाव वाचताना ताईंचं बोट शब्दांखालून सरकतं. मग लेखकाचं नाव आणि चित्रकाराचंही. ‘ही गोष्ट कुणीतरी लिहिली, ही चित्रं कुणीतरी काढली’ हे ज्ञान साधं नाही. त्यातूनच पुढे ‘मीही लिहीन’ अशी उमेद येते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांत लेखिका आणि चित्रकार एकच आहे हे कळल्यावर मुलांना त्याचं केवढं नवल वाटतं! आत मात्र बोट प्रत्येक ओळीवर फिरत नाही. म्हातारी भोपळ्याला हाक मारते ती सर्वांच्या तोंडची ओळ आली की तेवढ्यापुरतं बोट येतं, शब्दाशब्दाला टेकत जातं आणि ओळ संपताच एक वळसा घेऊन खालच्या ओळीच्या डाव्या टोकाशी पोहोचतं. बाकी वेळ डोळे चित्रांत रमू द्यायचे. बोटाचा इतका काटकसरीने केलेला वापर पाहून एखाद्या जाणत्या संपादकाची आठवण व्हावी.

‘म्हातारी आणि भोपळा’ या कथेची निवडही दाद द्यावी अशी. लोककथेची वीण पाहा: लेकीकडे जाताना वाटेत एकेक जनावर भेटतं, म्हातारी प्रत्येकाला तेच आश्वासन देते आणि परत येताना तीच जनावरं पुन्हा उभी राहतात. पूर्वार्धात मुलं क्रम लक्षात ठेवतात, उत्तरार्धात तो वापरतात. पान उलटण्याआधीच ‘आता कोण येणार’ हे त्यांना माहीत असतं, आणि माहीत असलेलंच खरं ठरण्यातला आनंद काही वेगळाच. पहिलं वाचन मुळी असंच घडतं: पुढे काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि पानावर पडताळून पाहायचा. शतकानुशतकं तोंडोतोंडी घासून गुळगुळीत झालेली ही कथा त्या कामासाठी जणू आधीच घडवून ठेवली होती. ताईंनी ते ओळखलं.

वाघाच्या पानावर त्या थांबल्या. ‘वाघाचा रंग कोणता?’ असं त्यांनी विचारलं नाही. त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. त्यांनी विचारलं, ‘आता म्हातारी काय करील?’ आणि गप्प बसल्या. हे गप्प बसणं पाहण्यासारखं होतं. दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, एकाने अंगठा तोंडात घातला. ताईंची नजर कुणावरही रोखलेली नव्हती, चित्रावरच होती. शेवटी कोपऱ्यातली एक मुलगी पुटपुटली, ‘घाबरली.’ ताई लगेच म्हणाल्या, ‘हो, वाघाला पाहून म्हातारी घाबरली, पण पळाली नाही.’ मुलीचा एक शब्द पूर्ण वाक्य होऊन परत आला, आणि त्यात एक ‘पण’ आला. पुढच्या पानावर दुसरा मुलगा म्हणाला, ‘अस्वल मोठं आहे, पण म्हातारी हुशार आहे.’ तो ‘पण’ कुठून आला हे ज्याने ऐकलं त्याला त्या क्षणाची किंमत कळली. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये अशा संवादी वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोकळे प्रश्न विचारणं आणि मुलाचं उत्तर वाढवून परत देणं, याने मुलांच्या बोलण्यात थोड्याच आठवड्यांत मोजता येईल एवढी वाढ झाली, असं त्यात दिसलं. ताईंच्या तासात ती वाढ दोन पानांच्या अंतरात कानाने टिपता येते.

गोष्टीनंतर हात कामाला लागतात. एका ताटात रवा पसरलेला, दुसरीकडे चिंचोक्यांचा ढीग. आपल्याकडे धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवण्याची जुनी रीत होती. मारिया माँटेसरी यांनी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवायला लावलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात बिया, शंख, पानं, खडे यांतूनच बालशिक्षणाचं साहित्य उभं केलं. हे तिन्ही प्रवाह त्या रव्याच्या ताटात एकत्र येतात. अक्षरांचा क्रमही ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंतचा नाही. ‘र’ काढला की त्याच वळणावरून ‘स’ आणि ‘ख’. ‘व’ आला की ‘ब’ आणि ‘क’. हाताला एक वळण गवसलं की तीन अक्षरं मोकळी होतात आणि लगेच शब्द जुळवता येतात: रस, सर, बस, बक. मोजक्या अक्षरांतून ताबडतोब अर्थापर्यंत पोहोचण्याची ही दृष्टी आपल्याकडच्या वाचनशिक्षणात काम करणाऱ्यांनी जिवापाड जपली आहे. चिंचोके मांडून तयार झालेल्या ‘रस’वर एका मुलाने बोट फिरवलं, मान वर केली आणि विचारलं, ‘आंब्याचा?’ अक्षर अर्थापर्यंत पोहोचल्याची याहून चांगली पावती कोणती!

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक खास खेळ आहे. गळ्यात अक्षराची पाटी घातलेलं एक मूल मधे उभं राहतं: समजा, ‘म’. दुसरं मूल काना होतं आणि ताठ उभं राहून त्याच्या उजवीकडे चिकटतं: ‘मा’. तिसरं मूल ऱ्हस्व वेलांटी. त्याने मात्र डावीकडे, म्हणजे ‘म’च्या आधी उभं राहायचं आणि हात ‘म’च्या डोक्यावरून वळवायचा. आपल्या लिपीतली ही खरी खोच: ‘मि’ म्हणताना ‘म’ आधी आणि ‘इ’ नंतर, पण कागदावर वेलांटीची रेघ आधी दिसते. कितीतरी मुलं इथे गोंधळतात. ताई वेलांटी झालेल्या मुलाला उशिरा बोलावतात. ‘म’ आधी येऊन उभा राहतो. वेलांटी मागून धावत येते आणि पुढे जाऊन उभी राहते. उशिरा आली तरी जागा पुढची, हे त्या मुलाला आता पायांनी कळलं आहे. जे समजावायला शिक्षकाला फळाभर आकृत्या लागल्या असत्या ते एका धावेत उरकलं.

शेवटी चित्रं आणि लेखन. रंगीत खडू, मोकळे कागद. लहानांच्या कागदावर नुसत्या रेघोट्या, मधेच एखादं उलटं ‘र’. ताई फिरत फिरत प्रत्येकापाशी बसतात आणि विचारतात, ‘सांग, काय लिहू?’ एकाने सांगितलं, ‘आज्जीनं मला पेरू दिल्ता.’ ताईंनी चित्राखाली लिहिलं: ‘आज्जीनं मला पेरू दिल्ता.’ दिल्ता. दिला होता नव्हे. मग त्याच्याच बोटाला धरून शब्द न् शब्द वाचला. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवताना सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर मुलांनी मागितलेले, त्यांच्या जिव्हाळ्याचे शब्दच लिहून देत. १९६३ च्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी त्या अनुभवाचं मर्म मांडलं. घरची बोली कागदावर तशीच उतरलेली पाहून त्या मुलाला उमजलं की आपण बोलतो ते लिहिता येतं, आणि लिहिलेलं जसंच्या तसं पुन्हा बोलता येतं. प्रमाण रूप पुढे शाळेत येईलच. आज त्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा टिकला. दुरुस्तीची लेखणी खाली ठेवायलाही मोठी जाण लागते.

हे कागद घरी जाऊन हरवत नाहीत. महिन्याभराचे कागद दोऱ्याने शिवले जातात, वर पुठ्ठा लागतो आणि वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाची रीतसर नोंद होते. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक: बालविभागाची मुलं. मग ते त्याच बुटक्या मांडणीवर इतर पुस्तकांच्या शेजारी बसतं. नोंदवहीच्या ज्या पानावर थोरामोठ्यांच्या ग्रंथांची नावं आहेत त्याच पानावर पेरूचं पुस्तक! एका साध्या कार्यालयीन नोंदीला इतका सुंदर अर्थ देणाऱ्या माणसाला ग्रंथपाल म्हणावं.

निघण्यापूर्वी देवघेव. प्रत्येक मूल एक पुस्तक निवडतं. ‘हे तुझ्या वयाचं नाही’ हे वाक्य इथे ऐकू येत नाही. तेच पुस्तक लागोपाठ नेणाऱ्या मुलाला कुणी दुसरं सुचवत नाही, कारण पुन्हा पुन्हा ऐकलेलं पुस्तकच मूल पहिल्यांदा ‘आपलंआपण’ वाचतं, आधी पाठ म्हणून आणि मग ओळखून. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतले दोन सांगतात की प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. मूल तारखेचा शिक्का स्वतः मारतं आणि सहीच्या रकान्यात आपली खूण काढतं. कुणाची छत्री, कुणाचा मासा, आणि कुणाचं वाकडंतिकडं, पण पूर्ण नाव. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला वाचक म्हणून सहीचा हक्क देणारी ही नोंदवही कोणत्याही ग्रंथालयाचं भूषण ठरावी.

सगळे खेळ एकत्र पाहिले की त्यांचा क्रमही बोलू लागतो. अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनांनी ‘एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड’ या उपक्रमाच्या २०११ च्या आवृत्तीत पालकांसाठी पाच सवयी सांगितल्या: बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं, खेळणं. ताईंच्या पाऊण तासात हे पाचही आहेत, आणि ते असे ओवले आहेत की एकाचं टोक दुसऱ्यात शिरतं. गाण्यातल्या ठेक्याच्या टाळ्या होतात, टाळ्यांनी तोडलेला ‘भोपळा’ गोष्टीत येतो, गोष्टीतलं बोलणं चित्राखालच्या वाक्यात उतरतं आणि त्या वाक्यांचं पुस्तक होतं. अंग हलवणारे खेळ आणि कान टवकारायला लावणारे खेळ आलटून पालटून येतात, म्हणून लहानगी कंटाळत नाहीत.

पायाभूत साक्षरतेविषयी सध्या खूप बोललं जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिला अग्रक्रम दिला, हे चांगलंच झालं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात गावोगावी वाचनालयांचं जाळं पसरलं आहे. त्यातल्या प्रत्येकात एक सतरंजी, एक बुटकी मांडणी आणि थांबायला शिकलेलं एक माणूस असावं, असं मनापासून वाटतं. यातली पहिली दोन थोड्या पैशांत मिळतात. तिसरं तयार व्हायला अशा तासांना बसावं लागतं. तुमच्या जवळच्या वाचनालयात असा तास होत असेल तर एकदा मागे जाऊन बसा. मुलं गोड असतात, त्यांच्याकडे लक्ष जाणारच. पण थोडा वेळ ताईंकडे पाहा. त्या कुठे थांबतात, कोणता शब्द स्वतः म्हणत नाहीत, कोणतं काम हातातून सोडून देतात, तेवढंच टिपा. त्यांनी न केलेल्या गोष्टींची ती यादी म्हणजेच या कलेचं व्याकरण, आणि ते एकदा डोळ्यांत भरलं की घरी पोराला गोष्ट वाचून दाखवताना आपलाही आवाज शेवटच्या शब्दाआधी आपोआप थांबू लागतो.